तालू आणि दात यांच्यामधली फळी

कचेरीतली जुनी मंडळी त्यांची आठवण निघाली की अजूनही पोट धरून हसतात. मला हसू येत नाही. माणूस जाऊन बरीच वर्षं झाली, पण माझा राग गेलेला नाही. तो जावा अशी माझी इच्छाही नाही.

ठाण्याच्या कचेरीत ते दप्तरखान्याचे मुख्य कारकून होते. त्यांचं नाव मी लिहीत नाही; नातवंडं शिकताहेत, त्यांना उगाच त्रास नको. तोंडावर सगळे त्यांना ‘रावसाहेब’ म्हणत आणि पाठीमागे ‘ओठबुवा’. समोरचा माणूस बोलू लागला की ते त्याच्या डोळ्यांकडे बघतच नसत. नजर ओठांवर. नवा अर्जदार बिचारा मिशी पुसून घ्यायचा. त्याला वाटे, ताक लागलं असेल.

टेबलावर तांब्या-भांडं कायम भरलेलं. कोणाचंही नाव उच्चारायचं तर आधी चूळ भरायची. खिडकीबाहेर एक बदामाचं झाड होतं. ते पावसावर नाही, रावसाहेबांच्या चुळांवर वाढलं, असं शिपाई म्हणत. “रावसाहेब, रामा कुठे गेला?” असं कोणी घाईत विचारलं, तर ते हात वर करून त्याला थांबवत, चूळ भरत, खिडकीतून टाकत, उपरण्याने ओठ टिपत आणि मग म्हणत, “रामा. जेवायला गेला.” तोवर रामा जेवून परत आलेला असे.

खिशात पिंजलेल्या कापसाचा पुंजका. तो माणसाच्या तोंडापुढे धरून त्याला त्याचं नाव घ्यायला लावायचं. कापूस हलला तर फ, नाही हलला तर प. कल्याणला त्यांच्या गल्लीत बोंबील विकायला येणाऱ्या कोळणीपुढेही त्यांनी एकदा तो धरला. ती म्हणाली, “म्हाताऱ्या, घ्याचं तं घे, नाय तं वाट सोर. माज्या तोंडाकरं काय बगतस?” हा किस्सा ते स्वतःच सांगत, आणि शेवटी गंभीरपणे पुस्ती जोडत, “सोर म्हणाली. सोड नव्हे. लक्षात ठेवा.”

त्यांची सून घरात आली तेव्हा तिचं नाव भागीरथी. लग्नात सुनेचं नाव बदलायचं हे आपल्याकडे चालतंच, पण या गृहस्थाने ते तीनदा बदललं. सासूचं नाव पार्वती. भागीरथी आणि पार्वती दोन्ही ओठांवरची नावं, हाक मारताना घोटाळा होणार. म्हणून तिला गोदा केली. मग लक्षात आलं की थोरल्या लेकीचं नाव काशी, म्हणजे दोघी कंठातल्या. पुन्हा बदल. शेवटी ती पोरगी म्हणाली म्हणे, “मामंजी, कोणत्याही नावाने हाक मारा. मी चुलीपाशीच असते.”

हे सगळं ऐकून तुम्ही हसला असाल. मीही तेव्हा हसायचो. म्हणून आधी सांगून घेतलं.

आता कपाटाविषयी. भिंतीएवढं सागवानी कपाट, आणि त्यात पाच उभे कप्पे: कंठ, तालू, मूर्धा, दात, ओठ. नाव ज्या जागेवरून सुरू होतं त्या कप्प्यात त्याची चिठ्ठी. क, ख, ग कंठात; च, छ, ज तालूत; स आणि त दातांत; प, ब, म ओठांत. कचेरीत कपाटाला सगळे ‘तोंड’च म्हणत. “ही चिठ्ठी तोंडात टाक रे,” असं एक कारकून दुसऱ्याला म्हणाला की नवा माणूस दचकायचा.

हा नुसता विक्षिप्तपणा नव्हता, हे मला कबूल आहे. कामच तसं होतं. जमिनींची आणि मिठागरांची जुनी दप्तरं मोडीत. नव्या याद्या इंग्रजीत, आणि त्या करणारा परप्रांतातला कारकून बांधावर उभा राहून, लोकांच्या तोंडून ऐकून, कानाला वाटेल तसं लिहून गेलेला. मोडीतला माणूस आणि इंग्रजीतला माणूस एकच की दोन, हे ठरवायचं कसं? ज्याचं नाव जुळलं नाही त्याचं आगर लाखबंद. आगर म्हणजे खाडीकाठचं मिठाचं शेत. त्याच्या मोरीला कचेरीचं लाखेचं सील. निकाल लागेपर्यंत खाडीचं पाणी आत घ्यायचं नाही.

मी तिथे नव्याने लागलेलो. आंबिवलीकडच्या कुणब्याचा मुलगा. माझ्या बापाला सही येत नव्हती, आणि मी बी.ए. झालो. आमच्या घराण्यात पहिला, आमच्या गावात पहिला, आसपासच्या गावांतही पहिलाच. हे मी लपवत नाही आणि नरमाईने सांगतही नाही. रावसाहेब मला नावाने हाक मारत नसत. “काय हो बीए,” एवढंच. एकदा कारण विचारलं तर म्हणाले, “तुमचं नाव घ्यायला चूळ भरावी लागेल.”

मीही एक रीत काढली. दोन नावं एकाखाली एक लिहायची. एकाचं दुसरं करायला किती अक्षरं बदलावी, काढावी, घालावी लागतात ते मोजायचं. जिथे सर्वांत कमी बदल, तो तोच माणूस. तोंड बघायला नको, कापूस नको. कचेरीच्या साहेबाला ती आवडली. त्याने हुकूम केला की दोघांनी तीच नावं आपापल्या रीतीने जुळवावीत आणि कोणती रीत बरी याचा रिपोर्ट द्यावा. जी सरस ठरेल ती साऱ्या जिल्ह्याला लावू.

रावसाहेब हसले. “अक्षर माणसाने काढलंय, बीए. तोंड देवाने दिलंय.”

काम सुरू झालं तसं दिसू लागलं की लिहिणाऱ्याचा हात चुकला असेल तिथे माझी रीत बरोबर येते, आणि ऐकणाऱ्याचा कान चुकला असेल तिथे त्यांची. हे प्रामाणिकपणे सांगतो. आणि आमच्या याद्यांत हात कमी आणि कान जास्त चुकले होते, हेही सांगतो. म्हणजे ते पुढे होते. त्यात मला राग येण्याजोगं काही नव्हतं.

मग कोलशेतची बाई आली.

थंडी सरत आलेली. मिठागराचे हेच दिवस. उधाणाची भरती आली की मोरी उघडून पाणी आत घ्यायचं, उन्हात आटवायचं, आणि पावसाआधी मीठ काढून रास करायची. एकदा पाऊस लागला की वर्ष गेलं. बाईच्या आगराला सील लागलं होतं. नवरा गलबतावर खलाशी म्हणून गेलेला, त्याला दोन पावसाळे उलटून गेले, काही पत्ता नाही. जुन्या दप्तरात आगर त्याच्या नावावर: चांगा. नव्या यादीत त्या जागी इंग्रजीत लिहिलेलं: सांगा. थोरला दीर म्हणत होता की हा सांगा म्हणजे माझा भाऊ नव्हेच; हा शेजारच्या आगरातला मेलेला गांगा. त्याने मरताना ते मला दिलं, तेव्हा आगर माझं.

माझी रीत इथे मुकी झाली. सांगाचा चांगा करायला एक अक्षर बदलायचं, गांगा करायलाही एकच. रावसाहेबांच्या कपाटातही उत्तर नव्हतं: स दातांत, च तालूत, ग कंठात, तिघे तीन कप्प्यांत.

रावसाहेबांचा नियम असा, की हक्क सांगणाऱ्याने धन्याचं नाव स्वतःच्या तोंडाने उच्चारायचं. त्यांनी चूळ भरली, कापूस काढला आणि म्हणाले, “बाई, नवऱ्याचं नाव घ्या.”

बाईने पदर ओढून घेतला. “नाय घेवाची, सायेब.”

“का?”

“तो दर्याव हाय.”

मला लगेच कळलं. माझ्या आईनेही जन्मात कधी माझ्या बापाचं नाव घेतलं नाही. नवऱ्याचं नाव घेतलं की त्याचं आयुष्य कमी होतं, असं आमच्या बायका मानतात. नवरा समोर ओट्यावर बसलेला असला तरी घेत नाहीत. इथे तर तो जिवंत आहे की नाही हेच ठाऊक नव्हतं. नाव घेणं म्हणजे आपल्याच हाताने त्याला पाण्यात ढकलणं. आणि नुसतं नावच नाही, त्याच्या जवळचे शब्दही या बायका टाळतात. आईने कधी ‘तुकडा’ म्हटलं नाही. ‘भाकरीचं खांड’ म्हणायची. बापाचं नाव तुकाराम होतं.

“बरं,” रावसाहेब म्हणाले, “मग हकीकत तरी सांगा.”

“बोलते ना सायेब,” बाई म्हणाली. “माज्या आगराचे बाजूला गांगाचा आगर. तो मेला. पन त्याचा न् आमचा बांद येगला हाय. दीर बोलतो ता बरा नाय.”

‘सांगते’ नाही, ‘बोलते’. ‘चांगलं’ नाही, ‘बरा’. आणि गांगाचं नाव मात्र बेधडक. माझ्या ते तेव्हा ध्यानात आलं नाही, पण रावसाहेबांचे डोळे बारीक झालेले मी पाहिले. त्यांनी कापूस खिशात ठेवला. “उद्या या,” म्हणाले.

बाई दुसऱ्या दिवशी आली. कोलशेतहून ठाण्याला, पायी, ऊन चढायच्या आत. टेबलावर वांगं.

“बाई, हे काय आहे?”

ती वांग्याकडे बघे, रावसाहेबांकडे बघे. “वांगा हाय, सायेब. तुमच्यान वांगी नाय व्हत?”

सगळा दप्तरखाना हसला. रावसाहेबांनी शांतपणे काहीतरी टिपलं. “उद्या या.”

नंतर तिला खिडकीशी उभी करून बाहेरचा टांगा दाखवला. “टांगा,” ती म्हणाली. “उद्या या.” नंतर देवळातला चौघडा, रस्त्यातली माणसांची रांग, आभाळातला चांद, असं काय काय. काही शब्द ती घेई, काही वळसा घालून सांगे. मधूनच विचारी, “सायेब, माज्या कामाचा काय झाला?” आणि रावसाहेब अगदी आदराने म्हणत, “चाललंय, बाई. त्याचंच चाललंय.”

एके दिवशी त्यांनी स्वतःच्या मांडीवर थाप मारली. “याला तुमच्यात काय म्हणतात?” त्यांना ‘जांघ’ हवा होता. बाईने मान फिरवली, पदर तोंडात धरला. कारकुनांनी खोकून हसू दाबलं. रावसाहेबांनी टिपून घेतलं: शब्द टाळला.

मी उठलो. “रावसाहेब, बाई लाजेनं बोलली नाही. नवऱ्याच्या नावाशी त्याचा काही संबंध नाही. तुमच्या सुनेला हे विचाराल का?”

“लाज वेगळी काढता येईल,” ते विचार करत म्हणाले. “मुद्दा बरोबर आहे तुमचा. खूण करून ठेवतो.”

त्यांना राग आला नाही, हे मला जास्त लागलं. थप्पड मारावी आणि समोरच्याने हात तपासून ‘नखं वाढलीत’ म्हणावं, तसं वाटलं.

त्यानंतर एक दिवस सकाळी आलो तर रावसाहेब हातोडी घेऊन कपाटाशी उभे. घामाघूम. तालू आणि दात यांच्यामधली फळी त्यांनी ठोकून काढली होती आणि दोन्ही कप्प्यांतल्या चिठ्ठ्या एका ढिगात पडल्या होत्या. इतका आनंद मी त्यांच्या चेहऱ्यावर कधी पाहिला नव्हता.

“बीए, आपण दोघेही चुकत होतो. तुम्ही सगळे बदल सारखेच मोजता. च चा स झाला काय आणि च चा ग झाला काय, तुम्हाला एकच. आणि मी मधे फळी घालून बसलो होतो, जिथे फळी नाहीच. बाई ‘सांग’ म्हणत नाही. ‘गांगा’ म्हणते, ‘वांगं’ म्हणते, ‘टांगा’ म्हणते. म्हणजे तिच्या तोंडाला च आणि स जवळचे. ग, व, ट लांबचे. कोलशेतात उभं राहून ऐकणाऱ्याने चांगाचा सांगा ऐकला, गांगाचा ऐकणं शक्य नाही. अहो, नवऱ्याच्या जिवाच्या भीतीने ही बाई जे मोजते, तितकं बारीक तुम्ही-आम्ही कोण मोजणार?”

बोलणं खरं होतं. सुंदर होतं, असंही म्हणेन. मी म्हटलं, “म्हणजे आगर चांगाचंच. झालं तर. बाईचा हुकूम आज काढू.”

“काढू की. निकाल तर पहिल्याच दिवशी लागला.”

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं. “पहिल्या दिवशी?”

“‘बोलते’ म्हणाली, ‘गांगाचा आगर’ म्हणाली, तेव्हाच. बाकीचं सगळं मोजमाप.”

“मग तिला रोज का बोलावलंत? मोरी बंद आहे तिची. उधाणाची भरती येऊन गेली.”

रावसाहेबांनी माझ्याकडे पाहिलं. पहिल्यांदाच ओठांकडे नाही, डोळ्यांकडे. त्यांना माझा प्रश्न खरोखरच कळला नव्हता. “हुकूम दिला की ती पुन्हा येईल का, बीए? अशी बाई परत मिळत नसते.”

त्या क्षणी मी काय केलं असतं, सांगता येत नाही. हातोडी जवळच होती. पण मी कुणब्याचा असलो तरी बी.ए. होतो, आणि मला एक गोष्ट ठाऊक होती: रावसाहेबांचं इंग्रजी कच्चं होतं. साहेबापुढे जायचा रिपोर्ट मीच लिहायचा होता, त्यांच्या रीतीच्या बाजूनेसुद्धा. मी दौत झाकली.

“आधी बाईचा हुकूम. मग तुमचा रिपोर्ट.”

“तुम्ही मला धमकी देता?”

“होय.”

रिपोर्टासाठी रावसाहेब काहीही करायला तयार होते, हे मी ओळखून होतो. दुपारी साहेबाची सही झाली. बाई व्हरांड्यात बसली होती, त्या दिवसाच्या शब्दांसाठी. मी हुकूम तिच्या हातात दिला, सील तोडायला शिपाई बरोबर दिला, आणि तिथेच, रावसाहेबांच्या देखत, तिला सांगितलं की हा निकाल तू पहिल्यांदा आलीस त्याच दिवशी लागला होता.

तिने कागद पदराच्या गाठीत बांधला. “मंग यवरे दिस मी चालत येत व्हते ती कशाला?”

ती रावसाहेबांकडे वळली. “सायेब, तुमच्या घरान कोन दर्याव गेलाय का?”

“नाही, बाई,” रावसाहेब म्हणाले.

“मंग बरा हाय.”

ती पायऱ्या उतरून गेली. शेजारी रावसाहेब कुजबुजले: “ऐकलंत, बीए? रागातसुद्धा ‘बरा’च म्हणाली.” ते टिपत होते.

तिने मोरी उघडली, पण ते पाणी उशिराचं. मीठ धरलं आणि रास पुरती व्हायच्या आत वळवाची सर आली. मी स्वतः कोलशेतला जाऊन पाहिलं. निम्मं मीठ खाडीला परत गेलं होतं. ती दुसऱ्यांच्या आगरात पाट्या वाहत होती. दीर आपल्या राशीवर गवत टाकून झाकत होता. मला पाहून तिने पाटी खाली ठेवली नाही, नुसतं विचारलं, “पुन्यांदा बोलावलाय का?” मी नाही म्हटलं. तेव्हा मी तिला तिचं स्वतःचं नाव विचारलं आणि तिने सांगितलं.

रिपोर्ट मी लिहिला, शब्दाला पक्का राहून, जमेल तितका चांगला. त्यांची रीत साऱ्या जिल्ह्याला लागली. बाहेरगावचे साहेब फळी काढलेलं कपाट बघायला येत आणि रावसाहेबांशी हस्तांदोलन करत. मी मसुद्यात त्या बाईचं नाव घातलं होतं. पक्की नक्कल सहीसाठी रावसाहेबांकडे गेली आणि परत आली तेव्हा त्या नावावर रेघ. त्या जागी मोडीत लिहिलेलं: ‘एक खेडवळ स्त्री’.

ते निवृत्त झाले त्या दिवशी पानसुपारी झाली. सगळे गेल्यावर त्यांनी मला थांबवलं. खांद्यावर हात ठेवला. “तुम्ही अजून माझ्यावर रागावलेले दिसता. मनाला लावून घेऊ नका. तुमची रीतही अगदीच टाकाऊ नव्हती. हात चुकतो तिथे तीच बरी.”

त्यांना एवढी वर्षं वाटत होतं की मी हरलो म्हणून रागावलो आहे.

मी खांद्यावरचा हात काढला. “रावसाहेब, ठाणे जिल्ह्यातली हजारो नावं तुम्हाला तोंडपाठ आहेत. त्या कोलशेतच्या बाईचं नाव काय होतं?”

त्यांनी डोळे मिटले. मनातल्या मनात कपाटाचे कप्पे उघडून बघत असावेत. मग सरळपणे म्हणाले, “तिचं नाव कुठे जुळवायचं होतं आपल्याला?” आणि माझ्या ओठांकडे बघत थांबले, मी ते आता घेईन म्हणून.

मी घेतलं नाही.